आपल्या प्राण्याच्या दवाखान्याचा मालक कोण, हे कसे शोधावे आणि मग काय करावे

ठाण्यात नौपाड्यातल्या ज्या दवाखान्यात आमची कुत्री चिंगी नऊ वर्षे जात आहे, तिथली पाटी, दारातला लाकडी बाक आणि आतले डॉक्टर गेल्या पावसाळ्यातही तेच होते. पावती मात्र बदलली होती. पूर्वी डॉक्टर कार्बनच्या वहीत दोन ओळी लिहून कागद फाडून देत असत. या वेळी छापील बिल हाती आले. त्यात तपासणी, सुई, हातमोजे, सलाइनची नळी असे सगळे वेगवेगळ्या ओळींत मांडलेले होते आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव होते, जिचा नोंदणीकृत पत्ता दुसऱ्या राज्यातला होता. डॉक्टरांनी दवाखाना कंपनीला विकला होता आणि करारानुसार ते स्वतः तिथे पगारावर काम करत होते. त्यांनी ही गोष्ट लपवली नव्हती. विचारल्यावर लगेच सांगितली. पण मी विचारले नसते तर मला कळले नसते, आणि दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या माझीच ही स्थिती असेल, तर बाकीच्यांना हे कळणार कसे, या विचाराने हे लिहायला घेतले.

कंपनीच्या मालकीचा दवाखाना वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता धाप लागलेले कुत्रे घेऊन मुंबईत परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत जावे लागत असे, ते दिवस मी पाहिले आहेत. रात्रभर उघडे असणारे दवाखाने, जागेवरच होणारी सोनोग्राफी, ऑक्सिजनचा पिंजरा, एका शाखेतली नोंद दुसऱ्या शाखेत उघडणारी यंत्रणा या गोष्टींसाठी भांडवल लागते, आणि एकट्या डॉक्टरला ते उभे करणे कठीण असते. माझे म्हणणे एवढेच आहे की बिल कोण ठरवतो, तपासण्यांचे गठ्ठे कोण बांधतो आणि काही चुकले तर उत्तर कोणी द्यायचे, हे मालकीवरून ठरते. म्हणून ती माहिती प्राणी धडधाकट असताना काढून ठेवावी. आजारी प्राणी मांडीवर असताना कोणालाही नीट प्रश्न विचारता येत नाहीत.

पावतीवरून मालक ओळखणे

सुरुवात घरातल्या जुन्या पावत्यांपासून करावी. गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावाव्यात आणि प्रत्येकीवर पैसे कोणाच्या नावाने घेतले आहेत ते पाहावे. यूपीआयने पैसे दिले असतील तर मोबाइलमधल्या नोंदीत पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचे नाव दिसते. पूर्वी तिथे डॉक्टरांचे नाव येत होते आणि एखाद्या महिन्यापासून कंपनीचे येऊ लागले असेल, तर व्यवहार साधारण त्याच सुमारास झाला असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का ते शोधावे. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन क्रमांक असतो, आणि पॅनमधले चौथे अक्षर मालक कोणत्या प्रकारचा आहे ते सांगते. म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर पाहायचे. तिथे इंग्रजी ‘पी’ असेल तर मालक एक व्यक्ती आहे, ‘एफ’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी आहे, ‘सी’ असेल तर कंपनी आहे आणि ‘टी’ असेल तर न्यास, म्हणजे ट्रस्ट आहे. चिंगीच्या पावतीवर सहाव्या जागी ‘सी’ होता.

एवढ्यावर न थांबता तोच क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या रकान्यात टाकावा. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. तिथे व्यवसायाचे कायदेशीर नाव, पाटीवरचे नाव, व्यवसायाचे स्वरूप आणि नोंदणीची तारीख अशी माहिती मिळते. पाटीवरचे नाव आणि कायदेशीर नाव वेगळे असणे यात गैर काही नाही; किराणा दुकानांतही असे असते. पण कायदेशीर नाव हाती आले की पुढचा रस्ता मोकळा होतो.

काही दवाखान्यांच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल, आणि त्यावरून लगेच शंका घेऊ नये. प्राण्यांच्या दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे. त्यामुळे फक्त तपासणी आणि उपचार करणाऱ्या लहान दवाखान्याला नोंदणीची गरज नसू शकते. खाद्य, शाम्पू, पट्टे, केस कापणे आणि वेगळी विकलेली औषधे यांना ही सूट नाही. याच कारणाने, आपल्या बिलात डॉक्टरांच्या तपासणी शुल्कावर कर लावलेला दिसला, तर तो कशाबद्दल आहे हे विनासंकोच विचारावे. क्रमांकच नसेल तर भिंतीवर लावलेला गुमास्ता परवाना वाचावा. आस्थापनेचे आणि मालकाचे नाव त्यावर असते.

कायदेशीर नाव कंपनीचे किंवा एलएलपीचे निघाले तर केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते शोधावे. कंपनी कधी स्थापन झाली, तिचा नोंदणीकृत पत्ता कोणता आणि संचालक कोण आहेत, ही प्राथमिक माहिती तिथे मिळते. ठरावीक शुल्क भरल्यास कंपनीचे वार्षिक विवरणपत्र उघडता येते आणि भागधारकांची यादी त्यासोबत जोडलेली असते. सामान्य पालकाला इतक्या खोलात जायची गरज क्वचितच पडेल, पण वर्षाला मोठा खर्च होत असेल, प्राणी दीर्घ आजारी असेल, तर एक संध्याकाळ यासाठी द्यायला हरकत नाही.

इथे दोन ठिकाणी घाईने चुकीचा निष्कर्ष निघतो. ‘सी’ दिसला म्हणजे बाहेरची कंपनीच आली असे नाही. कित्येक डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यासाठी स्वतःच कंपनी स्थापन करतात आणि संचालकांत त्यांचे व घरातल्यांचेच नाव असते. उलट, पाटीवर मोठ्या साखळीचे नाव असूनही दवाखाना त्या साखळीकडून नाव आणि पद्धत घेतलेल्या स्थानिक मालकाचा असू शकतो. वाशीच्या शाखेत चांगला अनुभव आला म्हणून खारघरच्या शाखेतही तोच येईल, असे अशा वेळी गृहीत धरता येत नाही.

मालकी बदलली की काय बदलते

याचे सर्वांत सविस्तर उत्तर ब्रिटनमध्ये मिळते, कारण तिथे हा बदल आपल्यापेक्षा बराच आधी झाला. पशुवैद्य नसलेल्यांनाही दवाखान्याची मालकी घेता येईल, अशी मुभा तिथे १९९९ मध्ये मिळाली. २०१३ मध्ये सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या समूहांचे होते. २०२४ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांवर गेले. तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये या व्यवसायाचा आढावा सुरू केला आणि मे २०२४ मध्ये औपचारिक चौकशी हाती घेतली. ऑक्टोबर २०२५ मधल्या हंगामी निर्णयात प्राधिकरणाने नोंदवले की २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय सेवांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढले, आणि मोठ्या समूहांच्या दवाखान्यांत लोक स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्के जास्त पैसे देतात. मला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरी एक नोंद. काही समूह दवाखाना विकत घेतल्यावर जुनी पाटी तशीच ठेवतात, आणि अशा दवाखान्यांत जाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते की आपला दवाखाना एका समूहाचा आहे. नौपाड्यातल्या त्या बाकावर बसून माझे जे झाले, तेच तिथे लाखो घरांत झाले होते.

मालकीची साखळी किती लांब असू शकते, याचे उदाहरण म्हणजे मार्स ही अमेरिकी कंपनी. चॉकलेटसाठी ओळखली जाणारी ही कंपनी पेडिग्री, व्हिस्कस आणि रॉयल कॅनिन ही प्राण्यांची खाद्ये बनवते. बॅनफिल्ड आणि व्हीसीए या अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या साखळ्या, युरोपातली अॅनिक्युरा आणि ब्रिटनमधली लिनियस हे समूहही तिच्याच मालकीचे आहेत. व्हीसीए तिने २०१७ मध्ये घेतली, अॅनिक्युरा आणि लिनियस २०१८ मध्ये. खाद्य बनवणारा आणि दवाखाना चालवणारा एकच असेल, तर डॉक्टरांनी सुचवलेले खाद्य चुकीचेच असेल असे नाही, परंतु ते का सुचवले आणि त्याला दुसरा पर्याय कोणता, हे विचारण्याचे कारण आपल्याकडे असते.

आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ हा कायदा उपचार कोणी करावेत ते सांगतो. पदवी आणि परिषदेची नोंदणी असलेल्या पशुवैद्यानेच उपचार करायचे आहेत, मग दवाखाना डॉक्टरांचा असो वा कंपनीचा. दवाखाना कोणाच्या मालकीचा आहे हे आपल्याला आपणहून सांगण्याची सक्ती मात्र ठाण्यातल्या कोणत्याही दवाखान्यात मी पाहिलेली नाही. ब्रिटनच्या प्राधिकरणाने त्याच हंगामी निर्णयात दवाखान्यांनी दरपत्रक जाहीर करावे, समूहाचे नाव ठळक सांगावे, ५०० पौंडांहून मोठ्या उपचारांचा लेखी अंदाज द्यावा आणि औषधाची चिठ्ठी लिहून देण्याचे शुल्क १६ पौंडांपेक्षा जास्त घेऊ नये, असे उपाय सुचवले. ही यादी माझ्या फार कामी आली. तिथे जे नियमाने मिळावे असे म्हटले गेले, ते इथे आपण तोंडाने मागायचे.

काय विचारावे आणि कसे विचारावे

हे प्रश्न लसीकरणाच्या वेळी विचारावेत, कारण तेव्हा प्राणी बरा असतो आणि डॉक्टरांनाही पाच मिनिटे असतात. स्वर चौकशीचा असावा, उलटतपासणीचा नसावा. समोरचे तरुण डॉक्टर पगारदार आहेत, दर त्यांनी ठरवलेले नाहीत, आणि बहुतेकांना आपल्या प्रश्नांचा राग येत नाही.

पहिला प्रश्न डॉक्टरांबद्दलच असावा: आमच्या प्राण्याला दर वेळी तुम्हीच पाहणार, की ज्यांची पाळी असेल ते? साखळी दवाखान्यांत डॉक्टर बदलत राहतात. धडधाकट प्राण्याला त्याने फरक पडत नाही, पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा फिट येणाऱ्या प्राण्याला फार पडतो. दुसरे म्हणजे, रात्री इथे डॉक्टर असतात की फक्त मदतनीस? ‘चोवीस तास’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. भरती केलेल्या प्राण्याजवळ रात्री कोण असेल, रात्रीचे शुल्क वेगळे आहे का, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर ती इथेच होईल की दुसऱ्या शाखेत, हे आधीच विचारून लिहून ठेवावे. कासारवडवलीहून निघून ऐन पावसात ऐरोलीच्या शाखेत पोहोचायला किती वेळ लागेल, याचा हिशेब त्या रात्री करण्यात अर्थ नसतो.

मग पैशांबद्दल विचारावे. मोठा खर्च होणार असेल तेव्हा लेखी अंदाजपत्रक मागावे, आणि त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असावेत असा आग्रह धरावा. त्याच कागदावर एक ओळ लिहून घ्यावी, की ठरलेल्या रकमेच्या पुढे जाण्याआधी फोन करावा. व्हॉट्सअॅपवर आलेले अंदाजपत्रकही चालते. तारीख असली म्हणजे झाले.

तपासण्यांबद्दल विचारायचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडे थांबतो. चिंगीला गेल्या पावसाळ्यात गोचीडताप झाला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जेवण सुटले, आणि रक्तात प्लेटलेट्स फार खाली गेल्या होत्या. पहिल्या दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी झाली, काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि गोचीडतापाचे झटपट किट वापरले गेले. हे सगळे आवश्यकच होते, आणि निदान त्यामुळेच झाले. तीन आठवड्यांनी फेरतपासणीला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहून तोच संच पुन्हा छापून दिला, कारण गोचीडतापाच्या रुग्णासाठी तो एकत्र बांधलेला होता. मी आत जाऊन डॉक्टरांना एवढेच विचारले, “या तपासणीचे उत्तर काहीही आले तरी आपला उपचार बदलणार आहे का?” त्या तरुण डॉक्टरांनी कागद हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि किटच्या ओळीवर काट मारली. त्या किटमध्ये प्रतिपिंडे दिसतात आणि ती आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहू शकतात. त्यामुळे तीन आठवड्यांनी ते किट करून नवीन काही कळणार नव्हते. प्लेटलेट्स मोजणे मात्र त्यांनी ठेवले, आणि ते योग्यच होते. बिल कमी झाले हे खरे, पण मला जास्त समाधान वाटले ते याचे की निर्णय पुन्हा डॉक्टरांच्या हातात आला. संच संगणकाने बांधला होता. तो सोडण्याचा अधिकार डॉक्टरांना होता, फक्त कोणीतरी विचारायला हवे होते.

तोच प्रश्न सर्वांनी पाठ करावा, असे मला वाटते. त्याचा दुसरा अर्धाही आहे: आज ही तपासणी केली नाही आणि दोन दिवस थांबलो, तर धोका काय? काही वेळा उत्तर येते की थांबणे धोक्याचे आहे. मग थांबू नये. पावसाळ्यात लेप्टोच्या संशयाने मूत्रपिंडाची तपासणी सांगितली असेल, तर पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

औषधांच्या बाबतीत, दवाखान्याच्या काउंटरवरूनच ती घ्यावीत असे बंधन नसते. डॉक्टरांची सही, तारीख, प्राण्याचे वजन, औषधाचे नाव, प्रमाण आणि किती दिवस द्यायचे हे लिहिलेली चिठ्ठी मागावी आणि बाहेरच्या औषधदुकानात किंमत विचारून पाहावी. महिनोन्महिने चालणाऱ्या औषधांत हा फरक मोठा होतो. आणीबाणीच्या वेळी मात्र घासाघीस न करता हाताशी असेल ते घ्यावे. आणि माणसांची औषधे मनाने प्राण्याला कधीही देऊ नयेत. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.

वार्षिक योजना

वर्षभराच्या लसी, जंतनाशक आणि काही तपासण्या एकत्र करून सदस्यत्व देण्याची पद्धत साखळ्यांत रूढ आहे. ती घेण्याआधी मागच्या वर्षीच्या पावत्या समोर ठेवून आपण ज्या गोष्टी खरोखर केल्या त्यांचीच बेरीज करावी. योजनेत मोफत धरलेली चार वेळची नखे कापणी आपण वापरणार नसू, तर ती बचत नाही. दरमहा पैसे आपोआप कापले जाणार असतील, तर ते कापण्याच्या किमान २४ तास आधी आपल्याला सूचना मिळणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवश्यक आहे, आणि यूपीआयची अशी परवानगी आपल्याला त्याच अॅपमधून रद्द करता येते. प्राणी दगावला किंवा आपण घर बदलून दुसऱ्या शहरात गेलो तर उरलेले पैसे परत मिळतील का, हे सही करण्याआधी विचारावे.

कागद आपल्याकडे असू द्यावेत

मालकी बदलताना सर्वांत जास्त हाल होतात ते जुन्या नोंदींचे. आमच्या डॉक्टरांच्या कपाटात चिंगीचे नऊ वर्षांचे कागद होते. कंपनीच्या संगणकात फक्त शेवटच्या सहा महिन्यांचे चढवले गेले. तिला २०१९ मध्ये एका प्रतिजैविकाने अंगावर गाठी उठल्या होत्या, ही नोंद त्या कपाटातच राहिली असती. दवाखाना विकला जात असल्याचे कानावर आले की लगेच जाऊन सगळ्या कागदांचे फोटो काढून आणावेत. तसे काही कानावर आले नसले तरीही प्रत्येक भेटीनंतर रक्ताचा अहवाल, एक्स-रेची फाइल आणि उपचाराचा सारांश मागून घ्यावा. लसीच्या पुस्तकात लसीच्या बाटलीवरचे चिकटपत्र, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहेत का ते तिथेच पाहावे. महापालिकेचा श्वान परवाना काढताना रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर हीच फाइल घेऊन जावे लागते.

तक्रार करायची वेळ आली तर

आधी लेखी तक्रार दवाखान्याच्या प्रमुखांकडे आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर अशी दोन्हीकडे पाठवावी. पावतीवरून मालक शोधण्याचे श्रम इथे फळाला येतात, कारण पाटीवरच्या नावाला पाठवलेले पत्र कोणाच्याच नावावर पडत नाही. त्यानंतरचे मार्ग दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल तक्रार असेल तर ती नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते आणि तिथे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो. बिल, कबूल केलेली पण न दिलेली सेवा किंवा सेवेतला निष्काळजीपणा यांबद्दल असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर नोंद करून पाहावी. कित्येक तक्रारी तिथेच मिटतात.

आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिथे जावे लागत नाही. या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, म्हणजे ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या रहिवाशाला ती ठाणे जिल्ह्यातच करता येते. खारघर, कामोठे, पनवेलकडे राहणाऱ्यांनी आपला जिल्हा रायगड आहे हे लक्षात ठेवावे. सोबत पावत्या, अंदाजपत्रक, चिठ्ठ्या, अहवाल आणि दवाखान्याशी झालेल्या संदेशांच्या तारीखवार प्रती जोडाव्यात, आणि विरुद्ध पक्षाच्या रकान्यात पाटीवरचे नाव न लिहिता पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले कायदेशीर नाव लिहावे.